मनगटाची दुर्बीण : छेद लहान, निर्णय अवघड

विशेष प्रतिनिधी

'दुर्बिणीतून शस्त्रक्रिया' हे शब्द शहरी वाचकांच्या कानांवरून इतक्या वेळा गेले आहेत की, त्यांचा नेमका अर्थ विचारावा असे आता कुणाला वाटत नाही. पित्ताशय, अपेंडिक्स, गुडघा, खांदा असा प्रवास करीत ही दुर्बीण मनगटापर्यंत येऊन पोहोचली आहे. मोठी चिरफाड नाही, दोन-तीन बारीक छिद्रे, लवकर घरी, असे तिचे वर्णन केले जाते आणि ते खोटेही नाही. परंतु मनगटातील हाड मृत होऊन ढासळल्यानंतर, म्हणजे दुखणे पुढच्या टप्प्यावर गेल्यानंतर, ही दुर्बीण काय साधू शकते आणि काय साधू शकत नाही, याची चर्चा या वर्णनात हरवून जाते. त्वचेवरचा छेद किती लहान, हा प्रश्न रुग्णाला सर्वांत आधी सुचतो. निर्णय मात्र त्यावर ठरत नाही. सांध्यात शाबूत काय उरले आहे आणि त्या हाताने पुढची वीस-तीस वर्षे कोणते काम करायचे आहे, या दोन गोष्टींवर तो ठरतो.

याचे बोलके उदाहरण म्हणजे 'कीनबॉक' या नावाने ओळखला जाणारा विकार. तो दुर्मीळ आहे. पण ज्याला होतो त्याच्या रोजीरोटीलाच हात घालतो. वीस ते चाळीस या वयोगटातील पुरुष, त्यातही अंगमेहनतीचे काम करणारे, आणि बहुधा कामाचाच हात, असे त्याचे स्वरूप पाठ्यपुस्तकांतून वर्षानुवर्षे नोंदले गेले आहे. स्त्रियांना तो होत नाही असे नाही.

अर्धचंद्राचे हाड

मनगट हा एक सांधा आहे असे आपण समजतो. प्रत्यक्षात तेथे आठ लहान हाडांच्या दोन ओळी आहेत आणि त्या कोपरापासून येणाऱ्या दोन लांब हाडांना (अंगठ्याच्या बाजूचे रेडियस व करंगळीच्या बाजूचे अल्ना) जोडलेल्या आहेत. रेडियसलगतच्या ओळीत मधोमध बसलेले हाड अर्धचंद्राच्या आकाराचे असते, म्हणून त्याला 'ल्युनेट' म्हणतात. मूठ आवळली, ओझे उचलले, जमिनीवर तळहात टेकून उठले की तळहाताकडून येणारा भार या हाडावरून रेडियसकडे जातो. एवढी जबाबदारी असलेल्या या हाडाचा बहुतेक पृष्ठभाग कूर्चेने, म्हणजे सांध्यातील गुळगुळीत आवरणाने, झाकलेला असतो. त्यामुळे रक्तवाहिन्यांना आत शिरायला जागा थोडी मिळते. काहींच्या बाबतीत तर मुख्य रक्तपुरवठा एकाच बाजूने होतो. घराला नळाची जोडणी एकच असावी आणि नेमकी तीच तुंबावी, तसा हा प्रकार. रक्त कमी पडले की हाड आतून मरते, मेलेले हाड भार सोसता सोसता चेपते आणि मग त्याच्याभोवतीची सारी रचना कोलमडू लागते.

व्हिएन्नातील क्ष-किरणतज्ज्ञ रॉबर्ट कीनबॉक यांनी १९१० मध्ये या विकाराचे सविस्तर वर्णन केले. राँटजेन यांनी क्ष-किरणांचा शोध लावला तो १८९५ मध्ये. म्हणजे अवघ्या पंधरा वर्षांत, नव्या यंत्राने दाखविलेल्या सावल्यांवरून, एक जुने दुखणे प्रथमच नीट ओळखू आले. हाड चेपलेले असू शकते हे पेस्त या फ्रेंच वैद्याने १८४३ मध्येच मृतदेहांच्या तपासणीत पाहिले होते. पण जिवंत माणसाच्या मनगटात ते पाहण्याची सोय तेव्हा नव्हती. पुढे १९२८ मध्ये स्वीडनच्या हुल्टेन यांनी एक वेगळी गोष्ट दाखवून दिली. त्यांनी पाहिलेल्या रुग्णांपैकी ७८ टक्के जणांची अल्ना रेडियसपेक्षा तोकडी होती; निरोगी मनगटांत हेच प्रमाण २३ टक्के होते. अल्ना तोकडी असली की रेडियसच्या कडेचा ताण ल्युनेटवर अधिक पडतो, असा त्याचा अर्थ लावला गेला. नंतरच्या सर्वच पाहण्यांत हा संबंध तितका ठळक आढळला नाही. तरी रेडियस दोन-तीन मिलिमीटरने आखूड करून ल्युनेटवरचा भार हलका करण्याची शस्त्रक्रिया या तर्कातूनच रुजली आणि ती आजही केली जाते.

विकाराचे मूळ कारण कोणते, यावर शंभर वर्षांनंतरही एकमत नाही. रक्तपुरवठ्याची ठेवण, हाडांची लांबी, वारंवार बसणारे हादरे, कधी स्टेरॉइडसारखी औषधे, अशा अनेक धाग्यांचा हा गुंता मानला जातो.

'मुरगळले असेल'

खरे नुकसान शस्त्रक्रियागृहात होत नाही. ते त्याआधीच होऊन गेलेले असते. मनगट दुखू लागले की पहिला अंदाज मुरगळल्याचा. लेप, शेक, पट्टा, मालिश, एखादा हाडवैद्य, मग वेदनाशामक गोळ्या आणि शेवटी एक्स-रे, असा हा परिचित क्रम आहे. त्यात गोम अशी की, पहिल्या टप्प्यात एक्स-रे पूर्णतः निर्दोष दिसू शकतो. हाडातील बदल त्या वेळी फक्त एमआरआयमध्ये दिसतात. 'एक्स-रेमध्ये काही नाही' हे वाक्य ऐकून रुग्ण निर्धास्त होतो, पुन्हा कामाला लागतो, आणि पुढच्या वेळी एक्स-रे काढला जातो तेव्हा हाड चेपलेले असते. प्रत्येक दुखऱ्या मनगटाचा एमआरआय काढावा, असे यावरून कुणी म्हणणार नाही. तो खर्च आणि तो भार परवडणारा नाही. परंतु तरुण माणसाचे मनगट मागच्या बाजूला मधोमध दुखते आहे, पकड कमी झाली आहे, आणि विश्रांतीनंतरही आठवडेच्या आठवडे फरक पडत नाही, अशा वेळी निर्दोष एक्स-रेवर विसंबून राहणे महागात पडते.

विकाराचे टप्पे ठरविण्याची सर्वांत रूढ पद्धत अमेरिकेतील डेव्हिड लिक्टमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये मांडली. पहिल्या टप्प्यात एक्स-रे निर्दोष. दुसऱ्यात हाड अधिक पांढरे, घट्ट दिसते. तिसऱ्यात ते चेपते. चौथ्यात शेजारच्या सांध्यांचीही झीज सुरू होते. तिसऱ्या टप्प्याचे पुन्हा पोटविभाग आहेत. शेजारचे 'स्कॅफॉइड' हाड जागेवर आहे की कलंडून कायमचे आडवे झाले आहे, हा त्यांतला कळीचा भेद. ते कलंडल्यावर ल्युनेट वाचविण्याच्या प्रयत्नांना फारसा अर्थ उरत नाही, अशी सर्वसाधारण धारणा आहे. वैद्यक परिभाषेत 'पुढचा टप्पा' म्हणतात तो येथून सुरू होतो.

या वर्गीकरणाची एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. लिक्टमन यांचा १९७७चा तो लेख मुळात टप्प्यांसाठी लिहिलेलाच नव्हता. ल्युनेट काढून त्या जागी सिलिकॉनचे कृत्रिम हाड बसविण्याच्या शस्त्रक्रियेविषयी तो होता. त्या काळी ही शस्त्रक्रिया मोठी आशादायक मानली जात होती. कालांतराने सिलिकॉन झिजून त्याचे सूक्ष्म कण सांध्यात पसरू लागले, अस्तराला सूज येऊ लागली, शेजारच्या चांगल्या हाडांत पोकळ्या पडू लागल्या आणि ती पद्धत मागे पडली. शस्त्रक्रिया गेली, टप्पे राहिले. नव्या तंत्राचे पहिल्या काही वर्षांचे निकाल वाचताना हा इतिहास आठवणे इष्ट ठरते.

दुर्बीण आत शिरते तेव्हा

सांध्यात दुर्बीण घालण्याचे श्रेय जपानला जाते. टोकियोत केंजी ताकागी यांनी १९१८ मध्ये मूत्राशयाच्या दुर्बिणीने मृतदेहाच्या गुडघ्यात डोकावून पाहिले. त्यांचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी पुढे लहान सांध्यांत जाईल इतकी बारीक दुर्बीण घडविली, आणि १९७९ मध्ये चेन यांनी तिच्या साहाय्याने मनगटाच्या तपासणीचे वर्णन प्रसिद्ध केले. मनगटासाठी आज वापरतात ती दुर्बीण साधारणतः दोन ते पावणेतीन मिलिमीटर जाडीची असते. बोटे जाळीदार मोज्यांत अडकवून हात एका उभ्या चौकटीला टांगतात, चार-पाच किलोंचा ताण देऊन सांधा किंचित उघडतात, आणि मनगटाच्या मागच्या बाजूने, कंडरांच्या मधल्या फटींतून, ती आत सरकवितात. भूल बहुधा फक्त हातापुरती असते. स्पेनच्या फ्रान्सिस्को देल पिन्याल यांनी २००७ मध्ये पाण्याशिवाय, कोरड्या सांध्यात दुर्बीण वापरण्याची रीत मांडली आणि तीही अनेकांनी उचलली.

पुढच्या टप्प्यावरील कीनबॉक विकारात दुर्बिणीचा सर्वांत निर्विवाद उपयोग कापण्याचा नाही, पाहण्याचा आहे. एक्स-रे हाडाचा आकार सांगतो. कूर्चेची अवस्था तो सांगत नाही. एमआरआय बरेच सांगतो, पण सारे नाही. ऑस्ट्रेलियात ॲडलेड येथील ग्रेगरी बेन यांनी बेग यांच्यासमवेत २००६ मध्ये या विकाराचे दुर्बिणीवर आधारलेले वर्गीकरण मांडले. त्याचा पाया अगदी साधा आहे. ल्युनेटचा वरचा आणि खालचा पृष्ठभाग, त्याच्यासमोरचा रेडियसचा खळगा आणि ल्युनेटवर टेकलेल्या 'कॅपिटेट' हाडाचे डोके, या चारांपैकी किती पृष्ठभाग निकामी झाले ते मोजायचे. निकामी झालेले पृष्ठभाग काढायचे किंवा एकमेकांशी जोडून बंद करायचे, आणि उरलेल्या चांगल्या पृष्ठभागांवर सांधा चालवायचा. एक्स-रेवर सारखीच दिसणारी दोन मनगटे आत डोकावल्यावर निराळी निघतात, हा शल्यचिकित्सकांचा अनुभव या वर्गीकरणामागे आहे. कूर्चेला इन्स्ट्रुमेंटच्या टोकाने टोचून पाहिले, ती मऊ पडली आहे की हाडापासून सुटली आहे हे समजले, की ठरलेला बेत शस्त्रक्रियेच्या टेबलावरही बदलावा लागतो.

पाहण्याच्या पुढची पायरी म्हणजे दुर्बिणीतून प्रत्यक्ष उपचार, आणि येथे 'लहान' या शब्दाची खरी परीक्षा होते. त्यांपैकी एका शस्त्रक्रियेत ल्युनेटसह त्याच ओळीतील स्कॅफॉइड व ट्रायक्वेट्रम ही हाडे, म्हणजे एकूण तीन, काढून टाकतात. मग कॅपिटेटचे डोके थेट रेडियसच्या खळग्यात बसते आणि नवा, साधा सांधा तयार होतो. ही शस्त्रक्रिया उघड्या छेदातून कित्येक दशके होत आली आहे. दुर्बिणीतून ती करण्याचे प्रयोग अमेरिकेत १९९०च्या दशकात सुरू झाले. दुर्बिणीतून करताना फिरत्या बर ब्लेडने हाडे आतल्या आत खरवडून, तुकड्या-तुकड्यांनी काढावी लागतात. वेळ अधिक लागतो. ज्या कॅपिटेटच्या आणि रेडियसच्या कूर्चेवर पुढचे सारे आयुष्य अवलंबून आहे, तिलाच यंत्राचा धक्का लागू नये याची दक्षता घ्यावी लागते. तळहाताच्या बाजूचा एक मजबूत अस्थिबंध जपावा लागतो, नाहीतर कॅपिटेट करंगळीकडे घसरते. सांध्याचे आवरण व मागचे अस्थिबंध कापले जात नाहीत, त्यामुळे हालचाल लवकर सुरू करता येते, हा खरा लाभ. परंतु बाहेर तीन छिद्रे दिसली तरी आतून तीन अख्खी हाडे गेलेली असतात. तिला 'छोटी' शस्त्रक्रिया म्हणणे ही रुग्णाची दिशाभूल होय.

दुसरा मार्ग हाडे काढण्याऐवजी जोडण्याचा. स्कॅफॉइड आणि कॅपिटेट एकमेकांना कायमचे सांधले की भार ल्युनेटला वळसा घालून जातो. हाँगकाँगच्या पाक-चेओंग हो यांनी २००८ मध्ये दुर्बिणीतून मनगटाचे असे आंशिक सांधण कसे करावे याचे तंत्र प्रसिद्ध केले. कूर्चा खरवडायची, तारा व बारीक स्क्रू बाहेरून त्वचेतूनच बसवायचे, आवश्यक तेथे हाडाचा चुरा नळीतून भरायचा. आसपासचा रक्तपुरवठा कमी दुखावतो हा त्यामागचा विचार. पण हाड सांधायला लागणारा काळ काही कमी होत नाही. आठ-बारा आठवडे, कधी अधिक, ते आपल्याच गतीने जुळते. रुग्ण धूम्रपान करीत असेल तर न जुळण्याचा धोका वाढतो. टाके चार दिवसांत विसरता येतात, प्लास्टर नाही.

मग दुर्बीण श्रेयस्कर की उघडा छेद? लहान व्रण, कमी सूज, सुरुवातीच्या आठवड्यांतील कमी वेदना या बाबतीत दुर्बिणीकडे झुकते माप जाते. काही वर्षांनंतर पकड, हालचाल व वेदना यांत दोन पद्धतींमध्ये मोठा फरक राहतो, हे सिद्ध करणारा भक्कम पुरावा मात्र उपलब्ध नाही. विकारच दुर्मीळ असल्याने बहुतेक अभ्यास मूठभर रुग्णांचे आणि एकेका रुग्णालयातील आहेत. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात, सुरुवातीच्या काय किंवा पुढच्या काय, कोणत्याही टप्प्यासाठी अमुक एकच शस्त्रक्रिया इतरांहून सरस असल्याचे दिसून आले नाही. धोका नगण्य नसला तरी मर्यादित आहे. मनगटाच्या दुर्बीण-शस्त्रक्रियांत एकूण गुंतागुंतीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास नोंदले गेले आहे; त्यांत छिद्रांजवळून जाणाऱ्या संवेदी मज्जातंतूंना बसणारी इजा ही नेहमीची तक्रार.

येथे एक विरोधाभासही नोंदवायला हवा. रेडियस आखूड करण्याच्या शस्त्रक्रियेला त्वचेवर लांब छेद लागतो, प्लेट व स्क्रू बसवावे लागतात. कागदोपत्री ती 'मोठी' शस्त्रक्रिया. पण ती सांध्याच्या बाहेर होते. सांध्यातील एकही हाड, एकही अस्थिबंध तिने कायमचा जात नाही आणि पुढचे सारे मार्ग मोकळे राहतात. हाड चेपल्यानंतरही, काही निवडक रुग्णांत, तिचे दीर्घकालीन निकाल समाधानकारक आढळले आहेत. याउलट मनगटाकडे वेदना नेणाऱ्या दोन मज्जातंतूंच्या शाखा कापून टाकण्याची शस्त्रक्रिया तीन-चार सेंटिमीटरच्या एकाच छेदातून होते, तिला दुर्बीण लागत नाही, महागडे इम्प्लांट लागत नाही. हाड आहे तसेच राहते. वेदना मात्र अनेकांच्या बाबतीत काही वर्षे सुसह्य होते. 'कमीत कमी छेदाची' शस्त्रक्रिया हे बिरूद खरे तर तिला अधिक शोभते. जाहिरातींत ती फारशी झळकत नाही.

वय आणि काम

पुढच्या टप्प्यावरील उपचारांची सर्वांत अवघड गाठ रुग्णाच्या वयात आहे. तीन हाडे काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर साधारण निम्मी किंवा थोडी अधिक हालचाल आणि दुसऱ्या हाताच्या तुलनेत तीन चतुर्थांशाच्या आसपास पकड उरते, असे अनेक अभ्यास सांगतात. पन्नाशीच्या कारकुनाला वा शिक्षकाला हा सौदा मान्य व्हावा असाच आहे. परंतु २००४ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या, किमान दहा वर्षे पाठपुरावा केलेल्या एका अभ्यासात ज्यांची शस्त्रक्रिया पुढे निकामी ठरली, ते सारे शस्त्रक्रियेच्या वेळी पस्तीस किंवा त्याहून कमी वयाचे होते. विकार गाठतो तो मात्र याच वयाला! पंचविशीतल्या फिटरच्या किंवा गवंड्याच्या मनगटावर ही शस्त्रक्रिया केली, तर त्या नव्या सांध्याने किती वर्षे हातोडा पेलायचा, हा प्रश्न छिद्राच्या आकाराने सुटत नाही.

अशा रुग्णापुढे अखेरचा पर्याय म्हणून मनगट पूर्णतः जाम करण्याची शस्त्रक्रिया ठेवली जाते. प्लेट बसवून हात व रेडियस एकसंध केले की वेदना बहुधा जाते, पकड टिकते, बोटे चालतात. मनगट मात्र कायमचे ताठ. कृत्रिम मनगट हा पर्याय पाश्चात्त्य देशांत वयस्कर, हलके काम करणाऱ्या रुग्णांसाठी वापरला जातो. जड काम करणाऱ्याला तो सहसा दिला जात नाही.

ताठ मनगटाचा जाच कुठे होतो, हे परदेशी पाठ्यपुस्तकांतून पुरतेपणी कळत नाही. जमिनीवर बसलेला माणूस तळहात टेकून उठतो. कणीक मळणे, कपडे पिळणे, शौचानंतर पाण्याने स्वच्छता करणे, छातीशी हात जोडून नमस्कार करणे, या साऱ्यांत मनगट वाकावे लागते. जोर काढणाऱ्याचे किंवा सूर्यनमस्कार घालणाऱ्याचे तर विचारायलाच नको. दोन्ही मनगटे दुखावलेल्या रुग्णाच्या बाबतीत निदान एक तरी वाकते ठेवावे, असा विचार त्यामुळेच केला जातो. 'हालचाल निम्मी उरेल' या वाक्याचा अर्थ खुर्ची-टेबलाच्या घरात एक आणि चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत दुसरा होतो.

बेन व लिक्टमन यांनी अलीकडच्या वर्षांत संयुक्तपणे मांडलेल्या उपचार-आराखड्यात रुग्णाचे वय, ल्युनेटची अवस्था, उरलेल्या मनगटाची अवस्था आणि रुग्णाची गरज या क्रमाने विचार करण्यास सांगितले आहे. छेदाची लांबी या यादीत नाही. वेदना आणि एक्स-रे यांचे गणित नेहमी जुळत नाही, हेही या विकाराचे वैशिष्ट्य. ल्युनेट पूर्ण चेपलेले असूनही सोसण्याजोग्या दुखण्यासह वर्षानुवर्षे काम करणारे रुग्ण आहेत. त्यामुळे पट्टा, कामातील बदल आणि काही महिन्यांचे निरीक्षण हा उपचारच आहे, त्याला टाळाटाळ म्हणता येणार नाही.

मजुरीचा हिशेब

हाच विचार कीनबॉकपुरता मर्यादित नाही. दुचाकीवरून पडताना हात टेकला जाणे ही आपल्या शहरांतील नित्याची घटना. त्यात स्कॅफॉइड मोडते, पहिल्या एक्स-रेमध्ये भेग दिसत नाही, पुन्हा 'मुरगळले' म्हणून सोडून दिले जाते आणि काही वर्षांनी मनगटाची झीज घेऊन तरुण दारात उभा राहतो. त्याच्यापुढेही हाडे काढणे, जोडणे, मज्जातंतू कापणे हेच पर्याय आणि हाच पेच.

हाताच्या शस्त्रक्रियेची परंपरा आपल्याकडे नवी नाही. वेल्लोर येथे पॉल ब्रँड यांनी १९४०च्या दशकाच्या अखेरीस कुष्ठरुग्णांच्या वाकड्या झालेल्या हातांवर शस्त्रक्रिया सुरू केल्या, तेव्हा त्या हातांनी पुन्हा काम करता यावे हा त्यांचा आग्रह होता. मुंबईचे डॉ. बी. बी. जोशी यांनी तारा व छोट्या पट्ट्या-स्क्रूंची जोडणी करून बाहेरून आधार देणारी, 'जेस' या नावाने ओळखली जाणारी पद्धत विकसित केली. कमी खर्चात, मोठा छेद न घेता हाडे ताणून व धरून ठेवण्याची ती युक्ती देशभर वापरली गेली. मनगटाची दुर्बीण मात्र दीर्घ सराव मागते. विकार दुर्मीळ, त्यात पुढच्या टप्प्याचे रुग्ण आणखी थोडे. तेव्हा हे काम सातत्याने करणारे हात मोठ्या शहरांतील मोजक्या केंद्रांपुरतेच राहणे स्वाभाविक आहे. आधी अशा किती शस्त्रक्रिया केल्या, आत गेल्यावर बेत बदलावा लागला तर पर्याय काय, आणि काहीच केले नाही तर काय होईल, हे तीन प्रश्न विचारण्याचा रुग्णाला पूर्ण अधिकार आहे.

खर्चाचा एक भाग शासनाने उचलला आहे. २०१२ मध्ये राजीव गांधी यांच्या नावाने सुरू झालेली जीवनदायी आरोग्य योजना २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली आणि २०२३ मध्ये तिचे छत्र कुटुंबामागे दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढविण्याचा निर्णय झाला. परंतु मनगटाच्या दुखण्यात रुग्णालयाचे बिल हा हिशेबाचा एक रकानाच असतो. प्लास्टरमधले दोन-तीन महिने, त्यानंतर व्यायामोपचाराचे तितकेच, आणि या काळातली बुडालेली मजुरी ही योजना भरून देत नाही. लहान छेदाने रुग्णालयातील मुक्काम एखाद-दुसऱ्या दिवसाने कमी होईल. ड्रिल मशीन पुन्हा हातात धरण्याचा दिवस त्याने फारसा अलीकडे येत नाही.

युरोपात या प्रश्नाचे उत्तर वेगळ्या दाराने शोधले गेले. जर्मनीच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत हवेच्या दाबावर चालणाऱ्या हत्यारांच्या हादऱ्यांमुळे होणाऱ्या विकारांची नोंद असून ल्युनेटचा मृत्यू त्यांत गणला जातो. फ्रान्सच्या यादीतील ६९ क्रमांकाच्या तक्त्यात तर कीनबॉकचे नाव स्पष्ट घातलेले आहे. हादरे आणि हा विकार यांचा कारणसंबंध वैद्यकशास्त्राने निर्विवाद सिद्ध केलेला नाही. तरीही ठरावीक काळ अशा हत्यारांवर काम केलेल्या कामगाराला भरपाईचा दावा करता यावा, असा निर्णय त्या समाजांनी घेतला. असा दावा करायचा तर कोणत्या हत्याराने किती वर्षे काम केले याची नोंद लागते. आपल्याकडे रस्ता फोडणारा ब्रेकर चालविणारा मजूर बहुधा ठेकेदाराचा असतो, ठेकेदार कामागणिक बदलतो, आणि केसपेपरवर व्यवसायाच्या रकान्यात 'मजुरी' एवढा एकच शब्द लिहिलेला असतो.